लष्कराच्या भंगारातून शिकाऱ्याच्या खांद्यावर : एका स्वस्त रायफलीची पार्श्वभूमी

अमेरिकेत जुन्या बंदुकांच्या दुकानात मागच्या रांगेत एका ठरावीक चेहऱ्याची रायफल हमखास दिसते. नळीखालचं लांबलचक लाकूड अर्ध्यावर कापून गोल केलेलं, बोल्टची, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणाऱ्या दांड्याची, सरळ मूठ तापवून खाली वाकवलेली, वर दुर्बीण बसवलेली. काडतूस जिथे बसतं त्या भागावर मात्र स्वीडनचा मुकुट, नाहीतर टर्कीची चंद्रकोर अजून शाबूत. कधीकाळी कुणा सैनिकाच्या हातातलं हे शस्त्र पुढे हरणाच्या शिकारीसाठी 'स्पोर्टराइझ' केलेलं असतं.

तिकडची जुनी मंडळी हिची आठवण काढतात ती घरच्या गॅरेजमधली काटकसरीची कारागिरी म्हणून. कारागिरी होतीच. पण ही रायफल मुळात स्वस्त मिळाली कशी, हे पाहायचं तर कोणत्या सरकारला कधी आपला जुना माल काढून टाकायचा होता, तिकडे जावं लागतं.

सुरुवात अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून धरता येते. १८६५ मध्ये ते संपलं तेव्हा ठासणीच्या लाखो बंदुका एकदम निकामी ठरल्या, कारण काडतुसांचा जमाना आला होता. त्यातल्या कित्येकींच्या नळ्या आतून गुळगुळीत करून छर्ऱ्याच्या बंदुका बनल्या आणि शेतकऱ्यांच्या घरात गेल्या. युरोपातही तेच चाललं होतं. फ्रेंच लष्कराच्या जुन्या बंदुका बेल्जियममधल्या लीज शहरात बारा बोअरच्या होऊन 'झुलू' या नावाने अमेरिकेत विकल्या गेल्या.

१८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाने दोन गोष्टी केल्या. क्यूबातल्या सान हुआनच्या टेकड्यांवर स्पॅनिश सैनिकांच्या ७ मिलिमीटरच्या जर्मन माउझर रायफलींनी अमेरिकनांना हैराण केलं. माउझरमध्ये पाच काडतुसं एका पट्टीतून अंगठ्याने एकदम आत सरकवता येत. अमेरिकनांच्या क्राग रायफलीत ती सुटी सुटी भरावी लागत. तो धडा घेऊन अमेरिकेने १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल काढली. ती माउझरच्या इतकी जवळ गेली की अमेरिकन सरकारला माउझर कंपनीकडे दोन लाख डॉलर स्वामित्वशुल्क भरावं लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे युद्धानंतरचा लष्करी माल घाऊक विकत घेणारा न्यूयॉर्कचा व्यापारी फ्रान्सिस बॅनरमन. त्याच्याकडे इतका दारूगोळा साठला की शहरात ठेवायची सोय उरली नाही. १९०० मध्ये त्याने हडसन नदीतलं एक बेटच घेतलं आणि त्यावर किल्ल्यासारखं कोठार बांधलं.

गंमत अशी, की लष्करी रायफलीवरून शिकारीची रायफल करण्याची फॅशन मात्र स्वस्ताईतून आली नाही. ती वरून खाली आली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी शस्त्रागाराकडून स्वतःसाठी शिकारी दस्त्याची स्प्रिंगफील्ड बनवून घेतली आणि १९०९ मध्ये ती आफ्रिकेच्या सफरीवर नेली. मग पैसेवाल्या हौशी शिकाऱ्यांना तशीच हवी झाली. सेमूर ग्रिफिन हा न्यूयॉर्कमधला फर्निचर बनवणारा सुतार असे दस्ते घडवू लागला आणि १९२३ मध्ये 'ग्रिफिन अँड हाउ' हे दुकान उभं राहिलं. तिथली रायफल गरिबाने नुसती पाहायची. पण अक्रोडाच्या लाकडाचा सडसडीत दस्ता, छोटी नळी, वाकवलेली बोल्टमूठ हे रूप तिथे ठरून गेलं आणि पुढे गॅरेजवाल्यांनी त्याचीच नक्कल केली.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन सरकार नागरिकांना नेमबाजी शिकवण्याच्या योजनेखाली जुन्या रायफली नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेच्या सदस्यांना विकू लागलं. पराभूत जर्मनीत वेगळीच कसरत चालली. माउझरच्याच गेव्हेर ९८ या लष्करी रायफलींचे ढीग पडलेले, पण ८×५७ हे लष्करी काडतूस नागरिकांसाठी अडचणीचं झालं. तेव्हा कारागिरांनी काडतुसाची जागा तीन मिलिमीटरने लांबवून ८×६० तयार केलं. त्यामुळे कागदोपत्री ती लष्करी रायफल राहिली नाही. काहींनी तर त्याच माउझरच्या सांगाड्यावर नळी बदलून 'गेहा' नावाची छर्ऱ्याची बंदूक काढली.

लष्कराचं काडतूस नागरिकाच्या हाती नको, ही भीती इंग्रजांच्या राज्यात आपल्याकडेही होती. १८७८ च्या शस्त्रकायद्याविरुद्ध काँग्रेस सुरुवातीपासून ओरडत होती, ते त्याच काळातलं. फौजेचं .३०३ काडतूस शिकाऱ्यांसाठी वर्ज्य झालं म्हणून ऑस्ट्रियन मानलिखरचं जुनं ८ मिलिमीटर काडतूस इथे .३१५ म्हणून रुजलं. त्यामुळे भारतात गोष्ट उलट्या बाजूने घडली. थ्री-नॉट-थ्री भंगारात निघून शिकाऱ्याकडे कधी आली नाही; तिचाच ली-एनफील्ड सांगाडा घेऊन इशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ ची रायफल नवी बनवली गेली आणि तिची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यातून निघत आली. खरी थ्री-नॉट-थ्री पोलिसांकडेच राहिली, इतकी की २००८ च्या २६ नोव्हेंबरला सीएसटी स्थानकावरच्या पोलिसांच्या हाती तीच होती. शिकारीचा प्रश्न तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने निकालात काढला. कोकणात पिकाच्या राखणीला परवान्याची बंदूक असते ती ठासणीची, नाहीतर बारा बोअरची.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्येही लष्करी काडतुसावर निर्बंध होते, म्हणून तिथल्या शिकाऱ्यांनी .३०३ काडतुसाचं तोंड आवळून .२५ ची गोळी बसवली.

खरा पूर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५० च्या दशकात युरोपातल्या फौजा एकामागून एक बोल्टच्या रायफली सोडून स्वयंचलित रायफलींकडे वळल्या. कोठारं भरलेली, सांभाळायचा खर्च चालूच. काही काळ सीआयएमध्ये काम केलेल्या सॅम्युअल कमिंग्जने ही संधी हेरली. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला पोटोमॅक नदीकाठी त्याच्या कंपनीची गोदामं उभी राहिली आणि देशोदेशीच्या फौजांचा माल तिथे उतरू लागला. शिकागोचं 'क्लाइन्स' हे दुकान टपालाने रायफल घरपोच पाठवत असे. इटालियन कारकानो १२ डॉलर ७८ सेंटला; दुर्बीण लावून हवी तर १९ डॉलर ९५ सेंट.

अशी रायफल घरी आली की शनिवार-रविवारची कामं सुरू. माउझर ९८ चं मूळ यंत्र अत्यंत दणकट. काडतूस पकडणारा तिचा रुंद पोलादी आकडा आजही कौतुकाचा विषय आहे. पण रचना सगळी सैनिकासाठी. बोल्टची मूठ वर उचलली की दुर्बिणीवर आदळते. मागची सुरक्षा-कळ झेंड्यासारखी उभी फिरते, तिलाही दुर्बीण आडवी येते. चाप आधी सैल येतो, मग अडतो, मग जोर लावल्यावर सुटतो. प्रत्येक अडचणीवर तयार सुटा भाग बाजारात होता. दस्त्यांसाठी तर मिसूरी राज्यातलं वॉर्सॉ हे छोटं गाव प्रसिद्ध झालं. अक्रोडाची झाडं जवळ असल्याने फायेन आणि बिशप या दोन्ही कंपन्या तिथेच होत्या. त्या अर्धवट कोरलेला दस्ता टपालाने पाठवत, उरलेलं काम गिऱ्हाइकाने पटाशी आणि पॉलिश कागद घेऊन करायचं.

गोळीही बदलावी लागे. लष्कराची पूर्ण धातूने मढवलेली गोळी हरणाच्या आरपार जाते आणि जखमी जनावर जंगलात निसटतं, म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मऊ टोकाची किंवा तशीच आदळल्यावर पसरणारी गोळी सक्तीची आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम इथे बनलेल्या अशाच पसरणाऱ्या गोळीला युद्धात वापरायला १८९९ च्या हेग परिषदेत बंदी घातली गेली होती. माणसावर जी चालवायची नाही, तीच जनावरावर चालवायची.

सगळाच माल भरवशाचा नव्हता. १९०३ च्या स्प्रिंगफील्डमध्ये आठ लाखांच्या आतला क्रमांक दिसला तर जाणकार आजही ती चालवू नका म्हणतात. त्या काळी तापलेल्या पोलादाचा रंग कामगार नुसत्या डोळ्यांनी जोखत. उजेड कमी-जास्त असला की अंदाज चुके, आणि जास्त तापलेलं पोलाद ठिसूळ होऊन फुटे.

या पुराने देशी कारखानदार हवालदिल झाले. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका सिनेटरने परदेशी लष्करी शस्त्रांची आयात बंद करण्याचं विधेयक मांडलं. त्याच्या राज्यात बंदुकांचे कारखाने होते, त्यामुळे हेतू उघडच व्यापारी होता. बंदी आली ती फक्त अमेरिकेनेच मित्रदेशांना मदत म्हणून दिलेली शस्त्रं परत आणण्यावर. तो सिनेटर म्हणजे जॉन केनेडी. मार्च १९६३ मध्ये ली हार्वी ऑस्वाल्डने खोट्या नावाने क्लाइन्सकडून दुर्बीणवाली कारकानो मागवली, टपालखर्चासह २१ डॉलर ४५ सेंटला. नोव्हेंबरमध्ये डॅलसला केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या तिच्यातून.

तरीही कायदा व्हायला पाच वर्षं गेली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्यावर ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. टपालाने बंदूक मागवणं बंद झालं आणि परदेशी लष्करी मालाची आयातही. किंग यांच्यावर झाडलेली रायफल मात्र अमेरिकेतच बनलेली, दुकानातून घेतलेली साधी शिकारीची होती. या आयातबंदीत सुरक्षेइतकाच कारखानदारांचा हात होता, असं मला तरी वाटतं.

१९८४ मध्ये संग्राह्य जुन्या शस्त्रांपुरती आयात पुन्हा सुरू झाली आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियन फौजेच्या 'मोसिन-नागांत' रायफली शंभर डॉलरच्या आत मिळू लागल्या. पण तोवर हिशोबच बदलला होता. कारखान्यांनी स्वस्त नव्या रायफली काढल्या. सॅव्हेज अ‍ॅक्सिस किंवा रूगर अमेरिकन घेतली तर दुर्बीण बसवायची सोय तयारच मिळते. जुन्या माउझरचा दस्ता, चाप, कळ बदलून कारागिराची मजुरी दिली की खर्च त्याच्या वर जातो.

शिवाय आता संग्राहकांना रायफल हवी असते ती जशी फौजेतून निघाली तशीच, सुट्या भागांवरचे सगळे क्रमांक जुळणारी. त्यामुळे न छेडलेल्या रायफलीपेक्षा कापलेली बरीच स्वस्त जाते. काही हौशी लोक उलटा उद्योग करतात. कापलेलं लाकूड काढून जुना लष्करी दस्ता शोधायचा आणि रायफल मूळ रूपात आणायची. नळी आखूड केलेली नसेल आणि दुर्बिणीसाठी भोकं पाडलेली नसतील, तरच ते जमतं.