आरजीबी आहे म्हणून व्हीजीए होत नाही

गेल्या महिन्यात चाळीसगावहून एक जण बीबीसी मायक्रो हा ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश कॉम्प्युटर घेऊन आला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शाळांतल्या संगणक-शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पात आपल्या शाळांत आलं होतं तेच मशीन. मागच्या सहा पिनांच्या गोल सॉकेटपासून व्हीजीएच्या, म्हणजे पीसी मॉनिटरच्या जुन्या जोडणीच्या, प्लगपर्यंतची केबल त्याने स्वतः सोल्डर केली होती. लाल, हिरवी, निळी (हेच आरजीबी) आणि रेषा-चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारा सिंक, सगळ्या तारा बरोबर. मॉनिटरवर मात्र ‘आउट ऑफ रेंज’.

‘‘भाऊ, तिन्ही तारा त्याच शेतस, मंग चित्र काबर नही येस?’’

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. प्लगचा आकार वेगळा, बीबीसीत आडवा-उभा सिंक एकाच तारेत येतो, हे फरक किरकोळ. खरी अडचण वेगाची आहे.

पडद्यावरचं चित्र आडव्या रेषांनी बनतं. बीबीसी मायक्रो टीव्हीच्या हिशेबाने सेकंदाला अशा १५,६२५ रेषा पाठवतो, म्हणजे दर ६४ मायक्रोसेकंदांना एक. व्हीजीए मॉनिटरला किमान साडेएकतीस हजारांच्या आसपास हव्यात, दर ३२ मायक्रोसेकंदांना एक. रंग तेच, पण रेषा निम्म्या वेगाने येतात आणि मॉनिटर त्या पकडतच नाही. पाचोऱ्याला जामनेरची नॅरोगेज गाडी असायची, आठवतं? माणसं तीच, सामान तेच, पण भुसावळला जायचं तर पाचोऱ्यात उतरून ब्रॉडगेजची गाडी धरावीच लागायची. नुसती केबल म्हणजे ते उतरणं टाळायचा प्रयत्न. काही जुने एलसीडी मॉनिटर १५ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास रेषा, घेतात, पण ते हाती लागणं नशिबाचा भाग.

म्हणून मध्ये रेषांचा वेग बदलून देणारा कन्व्हर्टर हवाच. स्वस्तातला जीबीएस-८२०० बोर्ड चालतो, पण मूळ फर्मवेअरवर (बोर्डातल्या प्रोग्रॅमवर) तो प्रत्येक चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक रेषांच्या दोन हप्त्यांत येणारं, समजतो आणि अक्षरं थरथरतात. शिवाय बीबीसीचा आरजीबी टीटीएल पातळीचा, म्हणजे ५ व्होल्टच्या डिजिटल चिपचा नुसता चालू-बंद सिग्नल, बोर्डाला लागतो ०.७ व्होल्टचा. रेझिस्टर न लावता थेट जोडणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

माझी पसंती रास्पबेरी पाय झिरो या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावरच्या ‘आरजीबी-टू-एचडीएमआय’ला; तो चित्र व्हीजीएऐवजी एचडीएमआय पडद्यावर देतो. तो मुळात बीबीसीसाठीच बनला. टीटीएल सिग्नल तो थेट वाचतो, बिंदूला बिंदू पकडतो. बीबीसीच्या पडद्याचे वेगवेगळे मोड आहेत; त्यातल्या मोड ७ मधल्या टेलिटेक्स्ट (टीव्हीवर मजकूर दाखवायच्या पद्धतीच्या) अक्षरांचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे बिंदू पाठवायचा वेग, इतर मोडपेक्षा वेगळा, १६ ऐवजी १२ मेगाहर्ट्झ. तेही तो ओळखून सांभाळतो.

चाळीसगावच्या त्या भाऊचं मशीन आम्ही त्यावर लावलं. मोड ० मध्ये ऐंशी अक्षरांची ओळ आली, एकेक अक्षर सुटं. त्याने नाक पडद्याला लावून ‘m’चे तीन पाय मोजले.