कोन-छर्रे की कार्ट्रिज? ‘सील्ड’ या शब्दाने घातलेला घोळ

“हब सील्ड आहे ना?” गिऱ्हाईक सायकलच्या चाकाच्या मधल्या गाभ्याबद्दल विचारतं. दुकानदार हो म्हणतो, कारण त्याच्या मनात कार्ट्रिज बेअरिंग, म्हणजे छर्ऱ्यांचा एकसंध तयार भाग, असतं. गिऱ्हाईक समजतं, आता पाणी आत जायचं नाही आणि हब कधी उघडायला नको. दोन पावसाळ्यांनी चाक खरखरायला लागतं आणि दोष सायकलला जातो. हे इतक्यांदा पाहिलंय की आता लिहितोच.

कोन-छर्ऱ्यांचा हब तुम्ही लहानपणापासून पाहिलाय. एक्सलवर (चाकाच्या आसावर) कोन म्हणजे निमुळता नट, हबमध्ये कप म्हणजे छर्ऱ्यांची खोलगट वाटी, मध्ये ग्रीसमध्ये बसवलेले सुटे छर्रे: पुढच्या चाकात बहुधा दर बाजूला ३/१६ इंचाचे दहा, मागच्यात पाव इंचाचे नऊ. कार्ट्रिजमध्ये छर्रे, ग्रीस आणि आतली-बाहेरची अशा दोन कड्या मिळून एकच तयार भाग असतो. त्यावर नंबर असतो. ६००१ म्हणजे १२ मिमी भोक, २८ मिमी बाहेरचा व्यास, ८ मिमी रुंदी.

सील दोन्हींत असू शकतं. चांगल्या कोनच्या हबालाही रबरी सील असतं. शिमानोच्या ड्युरा-एससारख्या महागड्या हबांतही कोन-छर्रेच वापरलेत. उलट ‘झेडझेड’ लिहिलेल्या कार्ट्रिजवर नुसतं पत्र्याचं झाकण असतं. पावसात चालवणाऱ्याने ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबर असलेलंच घ्यावं. आणि रबरसुद्धा धूळ-शिंतोडे अडवतं, फवारा नाही. स्कूटर धुवायच्या पाइपने थेट हबवर पाणी मारणारे लोक पाहिले की मला राहवत नाही, जाऊन थांबवतो.

खरा फरक आहे झीज कुठे होते याचा. कोनच्या हबात ग्रीस संपलं, चिखल शिरला की कोनवर आणि कपात बारीक खड्डे पडतात. कोन बाजारात मिळतो. कप हबातच पक्का बसवलेला, तो सुटा मिळणं कठीण. म्हणजे हब गेला, आणि हबासाठी सगळे स्पोक सोडून चाक पुन्हा बांधायचं. कार्ट्रिजमध्ये झिजणारं सगळं त्या एका भागातच असतं. तो बदलला की हब पूर्ववत. म्हणून वर्षातून एकदा हब उघडणार असाल तर कोन घ्या. माझी पसंती तीच, कारण पातळ पाने (स्पॅनर), रॉकेल आणि ग्रीस एवढ्यावर काम घरी होतं. उघडणार नसाल तर कार्ट्रिजच घ्या.

चाक हललं की नट आवळायचा, ही सवय कोनपुरती ठीक. तिथेही क्विक रिलीज, म्हणजे लिव्हर दाबून चाक पक्कं करायची सोय, असेल तर केसभर ढिलाई ठेवा. लिव्हर दाबल्यावर एक्सल किंचित दबतो आणि ती ढिलाई जाते. कार्ट्रिजचं चाक हलतंय म्हणजे बहुतेक वेळा बेअरिंग संपलंय. तिथे आवळत बसलात तर आतल्या कडीवर बाजूने दाब येतो आणि उरलंसुरलंही जातं.

नवं बसवताना दाब बाहेरच्या कडीवरच द्या. त्याच मापाचं जुनं बेअरिंग वर ठेवून हळूहळू दाबलं तरी चालतं. आणि ठोकून बाहेर काढलेलं बेअरिंग हाताला कितीही गुळगुळीत फिरलं तरी परत बसवू नका. काढताना सगळा मार आतल्या कडीवरून छर्ऱ्यांवर गेलेला असतो.