लवूळची वानरं आणि मराठवाड्यातलं वर्तनशास्त्र : पार्श्वभूमी

मराठवाड्यात प्राणिशास्त्राची पीएच.डी. म्हटली की बराच काळ माशांच्या आतड्यातले पट्टकृमी डोळ्यांसमोर यायचे. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ आलं; निजामाच्या राज्यात त्यासाठी हैदराबाद गाठावं लागे. सूक्ष्मदर्शकाच्या त्या चौकटीत रानातल्या जनावरामागं वर्षभर हिंडणं बसत नव्हतं. १९८६ मध्ये जायकवाडी आणि गौताळा अभयारण्यं झाली, तसे विषय बदलले. तरी काम बहुतेक याद्यांचंच. कोणता पक्षी, कुठं, किती. तो करतो काय, हे क्वचितच.

मग २०२१ची अखेर आली. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छतांवर नेऊ लागली. बरीच पिल्लं दगावली. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा ‘सूड’, असं लोक म्हणत. बातम्यांनी तोच शब्द उचलला, त्याला २५० पिल्लांचा आकडा जोडला आणि वानराचं ‘माकड’ करून टाकलं. काळ्या तोंडाचं वानर, तांबड्या तोंडाचं माकड, हे शेतातल्या पोरालाही ठाऊक असतं!

‘सूड’ म्हणायला पुरावा जबर लागतो. कोणत्या वानरानं, कोणत्या कुत्रीचं पिल्लू, कशानंतर उचललं, हे एकेक वानर ओळखून महिनोन्‌महिने लिहावं लागतं. वानरांच्या माद्या एरवीही एकमेकींची पिल्लं कडेवर घेतात. ती शक्यता आधी तपासायला हवी होती. १९६०च्या दशकात धारवाडजवळ कळप ताब्यात घेणाऱ्या नरांनी पिल्लं मारल्याचं जपानी अभ्यासकांनी नोंदवलं. ही गर्दीतून आलेली विकृती की नराच्या फायद्याचं वर्तन, यावर पुढं अबू आणि जोधपूरच्या नोंदी घेऊन वर्षानुवर्षं भांडण चाललं. पण ते वह्यांच्या आधारानं.

लवूळला वही उघडायच्या आतच नागपूरहून आलेल्या पथकानं दोन वानरं पकडून नेली. गावकरी धास्तावले होते, हे खरंच. तरी निरीक्षणाची संधी त्या पिंजऱ्यातच गेली. अभयारण्यात अभ्यासाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा परवाना लागतो. लवूळ पडलं अभयारण्याबाहेर. दुर्बीण घेऊन पारावर बसायला कुणी अडवलं नसतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी पीएच.डी.आधीचं एम.फिल.ही गेलं. छोट्या क्षेत्रकामावर हात बसवायची ती एक पायरी होती. वन्यजीवांचं रीतसर शिक्षण हवं असलेला बीड-परभणीचा विद्यार्थी आजही डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची प्रवेश परीक्षा देतो.