भ्रूणातील रक्तवाहिन्यांची घडण

उबवणीच्या तिसऱ्या दिवशी कोंबडीचे अंडे उघडले, तर बलकावर लाल धाग्यांची जाळी पसरलेली दिसते आणि तिच्या मधोमध इवलेसे हृदय धडधडत असते. उबवण सुरू झाली तेव्हा यातले काहीच नव्हते. पेशी एकमेकींना जे रासायनिक संकेत देतात, त्यांतून ही जाळी उभी राहते.

सुरुवात मध्यस्तरात, म्हणजे भ्रूणातील पेशींच्या मधल्या थरात होते. तिथल्या काही पेशी एफजीएफ या वृद्धी घटकाच्या प्रभावाने वाहिनीजनक बनतात. पीतककोशात, म्हणजे बलकाभोवतीच्या पिशवीत, त्यांचे पुंजके, म्हणजे रक्तद्वीपे, तयार होतात आणि ती जुळून पहिल्या नळ्या बनतात. मानवी गर्भात हे तिसऱ्या आठवड्यात घडते.

पुढचा मुख्य संकेत व्हीईजीएफ या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचा. त्याची मात्रा किती काटेकोर असावी लागते, हे 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवले. उंदराच्या भ्रूणात या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत निकामी केली होती. बहुतेक जनुकांचे अशा वेळी उरलेल्या प्रतीवर भागते. इथे मात्र अकराव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास भ्रूण दगावले. या प्रथिनाचा दुसऱ्या क्रमांकाचा ग्राही, म्हणजे संकेत पकडणारे पेशीवरचे प्रथिन, नसेल, तर रक्तद्वीपेच बनत नाहीत. पहिल्या क्रमांकाचा नसेल, तर उलट वाहिन्यांच्या अस्तरपेशींची बेसुमार गर्दी होते, कारण जादा व्हीईजीएफ टिपून घेण्याचे काम तोच करतो.

मात्रेइतकीच जागाही महत्त्वाची. ऑक्सिजन कमी पडलेल्या ऊती व्हीईजीएफ सोडतात. जवळच्या वाहिनीतील एखादी अस्तरपेशी बोटांसारखे बारीक तंतू बाहेर काढते आणि जिकडे संकेत दाट, तिकडे सरकते. ही अग्रपेशी. शेजारणींनीही अग्रपेशी होऊ नये म्हणून ती नॉच या, शेजारच्या पेशींना थेट स्पर्शातून संकेत देणाऱ्या मार्गाने त्यांना रोखते. त्या मागे राहून फांदीचा देठ वाढवतात. व्हीईजीएफचे काही प्रकार पेशींभोवतीच्या जाळ्याला चिकटून राहतात, म्हणून संकेताचा उतार, म्हणजे उगमाजवळ दाट आणि दूर विरळ अशी स्थिती, टिकतो. न चिकटणारा प्रकारच तेवढा शिल्लक ठेवला, तर वाहिन्या रुंद होतात आणि फांद्या कमी फुटतात.

नव्या नळीला आधार देणाऱ्या पेशी पीडीजीएफ-बी हा आणखी एक वृद्धी घटक बोलावून घेतो. धमनी कोणती आणि शीर कोणती, याच्या खुणा रक्ताभिसरणाआधीच उमटू लागतात, पण त्या कायमच्या नसतात. कोंबडीच्या भ्रूणात पीतककोशाच्या धमनीतला प्रवाह वळवला, की ती शिरेची लक्षणे दाखवू लागते.