व्यावसायिक राउटरवरील सेल्युलर इंटरनेट जोडणी

व्यावसायिक राउटरवरील सेल्युलर इंटरनेट जोडणी : शाखा कार्यालय, दुकान, गोदाम, एटीएम, बांधकामाची जागा किंवा वाहन अशा ठिकाणच्या राउटरला मोबाइल कंपनीच्या ४जी अथवा ५जी जाळ्यातून इंटरनेटशी जोडण्याची पद्धत. राउटरमधला किंवा त्याला जोडलेला सेल्युलर मोडेम सिम कार्डाच्या आधारे जाळ्यात नोंदणी करतो आणि आयपी पत्ता मिळवतो. राउटरच्या दृष्टीने फायबर किंवा केबलच्या लाइनीसारखीच ही आणखी एक बाहेरची वाट ठरते. फोनचा हॉटस्पॉटही याच तत्त्वावर चालतो, पण तिथे फोन हातात धरलेला माणूस असतो. शाखेतल्या राउटरजवळ बहुधा कोणीच नसते. मोडेम अडकला, सिग्नल खालावला किंवा सिमचा डेटा संपला, तर ते राउटरनेच ओळखायचे आणि स्वतःच मार्ग काढायचा. म्हणून मोडेम सुरू करणे हा या कामाचा सोपा भाग आहे. जोडणी केव्हा वापरायची, केव्हा सोडायची आणि ती खरोखर चालू आहे हे कशावरून ठरवायचे, इथे खरा कस लागतो.

अशी जोडणी काही ठिकाणी एकमेव आणि मुख्य असते, विशेषतः जिथे तार पोचलेली नाही किंवा पोचायला महिने लागणार आहेत. बहुतेक ठिकाणी ती तारेच्या लाइनीला पर्याय म्हणून राखीव असते. तिसरा, कमी बोलला जाणारा पण फार मोलाचा उपयोग देखभालीचा आहे. मुख्य लाइन बंद पडली किंवा दुरून सेटिंग बदलताना चूक झाली, तरी तंत्रज्ञाला सेल्युलर वाटेने राउटरपर्यंत पोचता येते आणि प्रवास वाचतो.

३जीच्या काळात राउटर या जोडणीला डायल-अपसारखे वागवत. मोडेमला *९९# हा क्रमांक ‘फिरवायला’ सांगायचे, पाठवण्याजोगा डेटा आला की जोडणी उभी करायची आणि थोडा वेळ शांतता राहिली की तोडायची, अशी रचना असे. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लो येथे पहिली व्यावसायिक एलटीई, म्हणजे ४जी, सेवा सुरू झाली. एलटीईत मोडेम जाळ्यात शिरतो तेव्हाच त्याला डेटाची वाट मिळते, त्यामुळे ‘डायल’ करण्याचा टप्पा उरला नाही. जुन्या राउटरांच्या सेटिंगमध्ये मात्र डायलर, चॅट स्क्रिप्ट हे डायल-अपच्या काळातले शब्द अजून भेटतात. मोडेम निवडताना जाळ्याचे आयुष्यही पाहावे लागते. अमेरिकेत एटी अँड टी आणि व्हेरायझन या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपली ३जी सेवा बंद केली आणि त्या सेवेवरच चालणारी उपकरणे बदलावी लागली.

एलटीई मोडेमची क्षमता त्याच्या ‘कॅटेगरी’वरून कळते. कॅटेगरी १ चा मोडेम सेकंदाला १० मेगाबिट उतरवू शकतो, कॅटेगरी ४ चा १५० आणि कॅटेगरी १२ चा ६००. हे कागदावरचे कमाल आकडे आहेत. टॉवरची क्षमता इतर ग्राहकांत वाटली जाते, त्यामुळे प्रत्यक्ष वेग बराच कमी असतो. कार्ड स्वाइप करण्याचे यंत्र किंवा मीटर यांना कॅटेगरी १ पुरते, वीस माणसांच्या कार्यालयाला नाही. कॅटेगरीहून आधी पाहायची गोष्ट म्हणजे बँड. स्थानिक कंपनी ज्या वारंवारतांवर सेवा देते त्या मोडेमला येत नसतील, तर बाकी कशाचाच उपयोग नाही.

सिग्नल आणि अँटेना

राउटरच्या पडद्यावरच्या चार-पाच दांड्यांवर कधीही विसंबू नये. मोडेम जे आकडे देतो त्यांत आरएसआरपी म्हणजे टॉवरच्या संदर्भ-सिग्नलची पातळी. ती डीबीएम या शक्तीच्या एककात उणे ९० च्या वर असेल तर चांगली, उणे ११० च्या खाली गेली की जोडणी डळमळू लागते. ही मोजपट्टी लॉगरिदमिक आहे. दहा डेसिबल घसरणे म्हणजे शक्ती एक-दशांश होणे, तीन डेसिबल म्हणजे निम्मी. आरएसएसआय या आकड्यात हवा तो सिग्नल, शेजारच्या टॉवरांचा गलका आणि गोंगाट असे सगळेच मिसळलेले असते, म्हणून तो चांगला दिसला तरी फसवू शकतो. माझ्या मते सर्वांत बोलका आकडा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे तो. वीसच्या वर उत्तम, शून्याजवळ वाईट. आरएसआरपी उणे ९५ आणि एसआयएनआर १५ असलेली जागा, आरएसआरपी उणे ८० पण एसआयएनआर २ असलेल्या जागेपेक्षा बहुधा चांगली चालते.

राउटर सहसा सर्व्हर रूममध्ये, लोखंडी कपाटात, तळघराजवळ असतो. सेल्युलर सिग्नलसाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. मग बाहेर अँटेना लावून लांब कोअॅक्सियल केबल आत आणण्याचा मोह होतो. पातळ केबलमध्ये दोन गिगाहर्ट्‌झच्या आसपास दहा मीटरला पाच ते दहा डेसिबल सहज जातात, म्हणजे छतावर कमावलेले सगळे वाटेतच खर्च होते. सेल्युलर मोडेम किंवा छोटा राउटर अँटेनाजवळच, खिडकीपाशी किंवा छताखाली बसवावा आणि तिथून मुख्य राउटरपर्यंत ईथरनेट केबल न्यावी. ईथरनेट १०० मीटरपर्यंत तोट्याविना चालते आणि त्याच केबलमधून वीजही देता येते. अँटेना छतावर उघड्यावर असेल तर आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक आणि अर्थिंग हवेच.

एलटीई मोडेमला दोन अँटेना लागतात, ५जीला बहुधा चार. त्यांत ‘मेन’ लिहिलेले तोंड सर्वांत महत्त्वाचे, कारण दोन अँटेनांच्या एलटीई मोडेममध्ये पाठवण्याचे काम सहसा त्यावरूनच होते, दुसरी अँटेना ऐकण्यापुरती असते. नेमकी मेनची अँटेना सैल राहिली तर सिग्नल ठीक दिसतो, पण अपलोड मरतो.

सिम, पिन आणि एपीएन

सिम राउटर बंद असताना बसवावे. नॅनो सिम अॅडॅप्टरमध्ये घालून मोठ्या खाचेत सरकवले की ते आत अडकून पिना वाकण्याची भीती असते, शक्यतो योग्य मापाचेच सिम मागवावे. सिमला पिन लावला असेल तर तो राउटरमध्ये नीट साठवावा. तीन वेळा चुकीचा पिन गेला की सिम कुलूपबंद होते आणि पीयूके हा कुलूप उघडण्याचा क्रमांक लागतो. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी. चुकीचा पिन साठवलेला राउटर दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट झाला तर कोणी हात न लावताही हे कुलूप लागते.

एपीएन हे मोबाइल जाळ्यातून बाहेर पडण्याच्या दाराचे नाव आहे. ते कंपनीकडून लेखी घ्यावे. फोनवर चालणारे एपीएन व्यावसायिक सिमवर चालेलच असे नाही. स्थिर आयपी किंवा खाजगी जाळे घेतले असेल तर त्यासाठी एपीएन बहुतेकदा वेगळेच असते, सोबत वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि पॅप की चॅप (पासवर्ड तपासण्याच्या दोन पद्धती) हेही सांगितलेले असते. अनेक मोडेममध्ये जाळ्यात शिरतानाची प्रोफाइल आणि डेटाची प्रोफाइल वेगवेगळी ठरवता येते. डेटाच्या प्रोफाइलमध्ये एपीएन बरोबर आणि शिरतानाच्या प्रोफाइलमध्ये जुनेच, ही गफलत तासन्‌तास खाते. नोंदणी नाकारली गेली तर मोडेमच्या नोंदीत कारणाचा क्रमांक मिळतो. २७ म्हणजे असे एपीएन ठाऊक नाही, ३३ म्हणजे मागितलेली सेवा या सिमच्या करारात नाही. हा क्रमांक कंपनीच्या मदत केंद्राला सांगितला की संभाषण लवकर पुढे सरकते.

ओळीने पाच वेळा नोंदणी फसली तर मानकानुसार मोडेम काही काळ, एरवी १२ मिनिटे, गप्प बसतो. तो बिघडलेला नसतो.

पत्ता, व्हीपीएन आणि पॅकेटचा आकार

जोडणी उभी राहिली की मिळालेला आयपी पत्ता आधी पाहावा. तो १००.६४.०.०/१० या पट्ट्यातला असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा जोडणीवर बाहेरून आत येता येत नाही. पोर्ट (राउटरमधले क्रमांकाचे दार) उघडणे, बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणारे डायनॅमिक डीएनएस हे नेहमीचे उपाय इथे लागू पडत नाहीत. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध खाजगी वाट, शाखेतल्या राउटरनेच मुख्यालयाकडे सुरू करायची, उलट दिशेने नाही. ती आयपीसेक या प्रकारची असेल तर यूडीपी ४५०० या पोर्टमधून जाऊ द्यावी आणि मधल्या उपकरणांनी वाट विसरू नये म्हणून ठरावीक अंतराने, साधारण २० सेकंदांनी, डेटाचे एक छोटे पॅकेट पाठवत राहावे. आत येणे गरजेचेच असेल तर स्थिर सार्वजनिक पत्ता किंवा खाजगी एपीएन विकत घ्यावे लागते.

पिंग (समोरून उत्तर येते का ते पाहणारे छोटे पॅकेट) जातो, छोटी पाने उघडतात, पण मोठी फाइल किंवा एखादे संकेतस्थळ मध्येच लटकते, अशी तक्रार आली की एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासावा. ईथरनेटवर पॅकेट १५०० बाइटपर्यंत चालते. मोबाइल जाळ्यात मात्र ते आणखी एका वेष्टनात गुंडाळून नेले जाते, म्हणून आतली जागा कमी उरते. मोबाइल मानकांच्या दस्तऐवजात १३५८ हा सुरक्षित आकडा सुचवलेला आहे, अनेक जाळी १४२८ किंवा त्याच्या आसपास देतात. टीसीपी या प्रोटोकॉलसाठी त्यातून ४० वजा करून एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या मूळ डेटाची मर्यादा, बांधून द्यावा. वरून व्हीपीएन असेल तर आणखी कमी.

मार्ग बदलणे आणि परत येणे

राखीव जोडणीत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. तारेच्या लाइनीचा मार्ग पहिल्या पसंतीचा आणि सेल्युलरचा दुसऱ्या पसंतीचा ठेवणे पुरेसे नाही. लाइन बहुधा राउटरच्या पोर्टपाशी तुटत नाही, ती पुढे कुठेतरी कंपनीच्या जाळ्यात तुटते. पोर्टचा दिवा लागलेलाच राहतो आणि राउटर सगळे पॅकेट त्या मेलेल्या वाटेवर पाठवत बसतो. म्हणून दूरच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन पत्त्यांना पिंग करून लाइन जिवंत आहे का ते पाहावे. जवळच्या गेटवेला, म्हणजे लाइनीच्या पलीकडच्या पहिल्या उपकरणाला, पिंग करून काहीच कळत नाही.

तारेची तपासणी करणारा पिंग तारेच्याच पोर्टमधून गेला पाहिजे, अशी त्याला सक्ती करावी लागते. नाही तर होते असे : तार तुटते, राउटर सेल्युलरवर जातो, पिंगही सेल्युलरवरून जाऊन यशस्वी होतो, राउटरला वाटते तार दुरुस्त झाली, तो परत फिरतो, पुन्हा अपयश, पुन्हा सेल्युलर. शाखेतल्या लोकांना फक्त ‘नेट येते-जाते’ एवढेच दिसते.

दर पाच सेकंदांनी एक पिंग आणि ओळीने तीन अपयशे असा नियम ठेवला तर १५ सेकंदांत मार्ग बदलतो. परतताना मात्र घाई करू नये. तार दोन-चार मिनिटे सलग चांगली चालल्याशिवाय परत जाऊ नये. मार्ग बदलताना जुनी नॅट नोंद (आतला पत्ता कोणत्या बाहेरच्या पत्त्याने जातो याची नोंद) पुसली गेली पाहिजे. ती राहिली तर आयपी फोन जुन्याच वाटेला चिकटून राहतात आणि सगळे इंटरनेट चालू असताना फक्त फोन मुके होतात.

सेल्युलर जोडणीवरही पाळत हवी, कारण महिनोन्‌महिने न वापरलेली राखीव वाट नेमकी गरजेच्या वेळी मेलेली निघते. पण पाळतीलाही डेटा लागतो. ८४ बाइटचा पिंग सेकंदाला एक गेला आणि आला, तर दिवसाला सुमारे साडेचौदा मेगाबाइट आणि ३० दिवसांत ४३५ मेगाबाइट नुसत्या तपासणीत जातात. तोच दर ३० सेकंदांनी केला तर महिन्याला साडेचौदा मेगाबाइट पुरतात. मोडेम अडकला असे दिसले तर आधी डेटाचे सत्र पुन्हा जोडावे, मग मोडेम रीसेट करावा आणि सर्वांत शेवटी त्याची वीज बंद-चालू करावी.

राखीव वाटेवर सगळेच ट्रॅफिक सोडू नये. संगणकांची अपडेट, क्लाउडवरचा बॅकअप आणि कॅमेऱ्यांचे चित्रण एका दिवसात महिन्याचा डेटा संपवू शकतात. बिलिंग, पैशांचे व्यवहार, फोन आणि व्हीपीएन एवढ्यांनाच परवानगी देऊन बाकीचे अडवणे हितावह.

सुरक्षेबाबत एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. अनेक मोबाइल जाळी आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता देतात. त्यात सहसा नॅटची आड नसते, त्यामुळे जाळ्याने मध्ये अडवले नाही तर आतली उपकरणे थेट बाहेरच्या नजरेत येतात. फायरवॉलचे (नको ते ट्रॅफिक अडवणाऱ्या भिंतीचे) नियम जुन्या आयपीव्ही४ साठी लिहिले आणि आयपीव्ही६ साठी विसरले, तर दार सताड उघडे राहते. राउटरचे व्यवस्थापनाचे पान सेल्युलर बाजूने बंदच ठेवावे, गरज असेल तर ते व्हीपीएनमधून उघडावे. उघड्यावरच्या राउटरमधून सिम चोरले जाते, म्हणून ते त्या मोडेमच्या आयएमईआय या ओळख क्रमांकाशी बांधून देण्याची सोय कंपनीकडे असेल तर घ्यावी.

दोन सिमचा राउटर घेतला की दोन जोडण्या मिळाल्या असा समज असतो. मोडेम एकच असेल तर एका वेळी एकच सिम जाळ्यात असते. दुसऱ्यावर जाताना पहिले सोडून नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यात अर्धा-एक मिनिट सहज जातो. एकाच वेळी दोन्ही हवी असतील तर दोन मोडेम लागतात. शिवाय शाखेची फायबर लाइन आणि जवळच्या टॉवरला जाणारी फायबर एकाच चरातून गेलेली असू शकते. एका जेसीबीने दोन्ही तुटतात आणि सिम कितीही असली तरी उपयोग होत नाही. हे टाळायचे तर सिम लाइनवाल्या कंपनीचे न घेता दुसऱ्या कंपनीचे घ्यावे, आणि त्या दुसऱ्या कंपनीचा टॉवर कुठल्या फायबरवर आहे हेही विचारावे.

चाचणी दोन प्रकारे करावी लागते. एकदा तार उपसून, आणि एकदा तार जागेवर ठेवून पुढचा मार्ग अडवून. पहिल्या चाचणीत पास होणारे अनेक राउटर दुसऱ्या चाचणीत नापास होतात. दोन्ही वेळा चालू फोन कॉल, व्हीपीएन आणि बिलिंग यांचे काय होते ते पाहावे आणि तार परत आल्यावर ते सगळे आपोआप जागेवर येते का हेही पाहावे.