भुवई उचलण्याची शस्त्रक्रिया

ओघळलेली भुवई वर घेऊन तिच्या जागी बसवण्याची शस्त्रक्रिया. भुवईला वर धरणारा स्नायू एकच, कपाळाचा. खाली ओढणारे मात्र अनेक. त्यातही कपाळाच्या स्नायूचे तंतू भुवईच्या बाहेरच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, म्हणून वयोमानाने आधी उतरते ते हेच टोक. मग पापणीवर कातडीची घडी साचते आणि बाजूचे दिसेनासे होते.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात, त्या दुखण्यात चेहऱ्याची नसच दुबळी झाली असेल तर भुवई एका बाजूची उतरते आणि त्या बाजूच्या कपाळावर आठी पडत नाही. मेंदूच्या झटक्यात कपाळ सहसा शाबूत राहते. हा निवाडा घरी करत बसू नये. तोंड अचानक वाकडे झाले की तडक दवाखाना गाठावा. नसेचे दुखणे (बेल पक्षाघात) असल्यास स्टेरॉइडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झालेल्या चांगल्या. बहुतेकांचा चेहरा पुढे काही महिन्यांत सुधारतो, त्यामुळे भुवईवर कायमची शस्त्रक्रिया करण्याची घाई नसते.

नसेची ताकद परतली नाही, तर थेट पद्धत सर्वांत भरवशाची. रुग्णाला बसवून भुवई किती वर हवी ते पेनाने आखतात, जागा बधिर करतात आणि भुवईच्या केसांच्या अगदी वरच्या कडेने होडीच्या आकाराची कातडी काढतात. केसांची मुळे तुटू नयेत म्हणून सुरी तिरकी धरतात. भुवईच्या आतल्या भागात कपाळाला संवेदना देणारी नस असते. तिथे खोल जात नाहीत. लकव्याच्या रुग्णात आतला टाका हाडावरच्या आवरणाला घेतात, नाहीतर भुवई पुन्हा उतरते. व्रण दिसतो, पण दाट भुवईत बराच झाकला जातो.

कपाळावर खोल आठ्या असतील तर छेद आठीतच लपवता येतो. टाळूवरून कानापासून कानापर्यंत घेतलेल्या जुन्या पद्धतीच्या छेदाने केसांची रेषा मागे सरकते, डोके बधिर राहू शकते. 1990च्या दशकापासून केसांत लहान छेद घेऊन दुर्बिणीने हेच काम होऊ लागले. टक्कल असलेल्यांना मात्र ते फारसे सोयीचे नाही.

बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ. कुठेही जा, पापणीची जादा कातडी काढण्याआधी भुवई तपासून घ्यावीच. ती उतरलेली असताना नुसती पापणी कापली, तर भुवई आणखी खाली येते. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी ते मराठीत समजावून मागावे.