मासे सोडले की गाठ उपाशी मरते?

रत्नागिरी-मालवणकडे कॅन्सर निघाला की घरात हुकूम सुटतो: बांगडा बंद, अंडी बंद, नुसती पेज. प्रथिनं तोडली की गाठ उपाशी मरेल, हा हिशेब साफ चुकीचा.

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यातलं ल्युसीन पेशीला कमी पडलं की सेस्ट्रिन-२ हे प्रथिन एमटॉर या वाढीच्या यंत्रणेला लगाम घालतं. पण पेशी मरतेच असं नाही. टंचाई ओळखणारं जीसीएन-२ हे प्रथिन जागं होतं, पेशी काही अमिनो आम्लं स्वतः बनवते. काही पेशी तर आजूबाजूची प्रथिनं गिळतात. इकडे शरीर स्वतःचे स्नायू झिजवून रक्तातला पुरवठा चालू ठेवतं. उपास घडतो तो रोग्याला!

मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, अ‍ॅस्परॅजिनेजचं इंजेक्शन रक्तातलं अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल तोडून कॅन्सरपेशींना उपाशी ठेवतं, पण ते औषध, पेज नव्हे. एरवी रुग्णाला किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंड बिघडलं असेल तर डॉक्टरांना विचारा. तिखलं, म्हणजे माशांचं तिखट कालवण, झेपत नसेल तर कुळथाची पिठी द्या.